चंद्र काढलेला आर्केस्ट्रा

सत्तावीस वर्षं प्रुफं तपासली की डोळ्यांना एक खोड लागते. लग्नपत्रिका असो, मिसळीच्या दुकानातला दरफलक असो, नजर आधी चुकीवर पडते आणि मग मजकुरावर. म्हणून १९९९च्या दिवाळीत न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने माझ्या हातात एक सीडी ठेवली, तेव्हा मी चित्र पाहिलं नाही की वादकांची नावं वाचली नाहीत. "अरे, यांनी ऑर्केस्ट्राचं स्पेलिंग चुकवलंय," एवढंच म्हटलं. ओच्या जागी ए होता आणि सीएचच्या जागी के.

"मावशी, ते तसंच आहे," तो म्हणाला. "आर्केस्ट्रा."

आता हा शब्द मला नवा नव्हता. वाईजवळच्या आमच्या आजोळी जत्रेच्या दिवसांत भिंतीभिंतींवर चुन्याने लिहिलेलं असायचं, 'आज रात्री भव्य आर्केस्ट्रा'. टिकल्यांचे कोट घातलेले गायक, लाल-हिरवे दिवे, एक निवेदक आणि रात्री दोनपर्यंत सिनेमाची गाणी. पुढे छापखान्यात असल्या जाहिरातींची हस्तपत्रकं यायची आणि मी इमाने इतबारे प्रत्येक 'आ'वर चंद्र चढवून त्याचा 'ऑ' करायची. कंपोझिटर कुरकुरायचा, "बाई, लोक असंच म्हणतात." आणि इथे शिकागोतल्या एका जॅझ वाद्यवृंदाच्या म्होरक्याने अगदी हाच चंद्र उतरवून ठेवला होता, तोही जाणूनबुजून. त्याने स्वतःचं नाव सन रा ठेवलेलं; सन म्हणजे सूर्य आणि रा म्हणजे इजिप्तचा सूर्यदेव. ए घातल्यावर त्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी 'रा' सुलटा येतो आणि सुरुवातीला उलटा. सूर्य म्हणवून घेणाऱ्याने चंद्र काढला, हे मला बऱ्याच दिवसांनी सुचलं आणि एकटीच हसले.

तो शनीवरून आलोय असंही सांगायचा. आमच्याकडे शनी मागे लागतो, त्याला तेल घालावं लागतं. तिथून कुणी पियानो वाजवत खाली येईल ही कल्पना मात्र आपल्या पंचांगकर्त्यांना सुचली नाही.

ती सीडी होती 'जॅझ इन सिल्हूएट'. ६ मार्च १९५९ला शिकागोत वाजवलेली, १९९०च्या दशकात 'एव्हिडन्स' नावाच्या कंपनीने पुन्हा काढलेली. भाच्याने आधीच बजावलं होतं की हे लोक प्रयोगवाले आहेत, चकाकते झगे घालतात, अंतराळाच्या गोष्टी करतात, घाबरू नकोस. मी कानात बोळे घालायच्या तयारीत बसले, आणि कानावर आलं ते नाचाचं संगीत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन एका शिस्तीत उठतायत, बसतायत, खाली ठेका असा की पाय आपोआप हलावा. मधेच एखादा स्वरगुच्छ भलत्याच दिशेने जायचा, जसं ओळखीच्या वाड्यात जिना चढावा आणि वर नवीनच खोली निघावी. 'एन्शंट ईथिओपिया' नावाची एक लांबलचक रचना आहे. तिचं स्पेलिंगही चुकीचं छापलंय, मी तपासलं. ढोल-नगाऱ्यांच्या संथ चालीवर बासरी फिरत राहते आणि ती चाल कुठे पोचायची घाईच करत नाही. पण तिच्या मागेपुढे सगळा स्विंग, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाचं नाचायचं जॅझ. चोख, इस्त्रीचा स्विंग.

स्विंग मराठी कानाला तसा परका नाही. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि त्यांच्यासाठी वाजवणारे गोव्याचे वादक यांनी तो १९५१च्या 'अलबेला'मधून घराघरांत नेला. आणि त्या गोवेकरांच्या आधी, १९३०च्या दशकात, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेहून आलेले कृष्णवर्णीय वादक वाजवतच होते. त्यातला टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला तर शिकागोतच नावारूपाला आलेला. त्यामुळे ती सीडी ऐकताना मला जे ओळखीचं वाटलं ते भासापुरतं नव्हतं. एकाच विहिरीचं पाणी दोन पाटांनी आलेलं.

पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. जो माणूस म्हणतो मी भविष्यातून बोलतोय, तो आजोबांच्या काळातला ठेका का सोडत नाही?

याचं उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली, आणि ते फ्लेचर हेंडरसन या माणसापाशी सापडलं. जॅझच्या इतिहासात हेंडरसनचं नाव आदराने घेतात आणि पुढे जातात. न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये त्याचा वाद्यवृंद वाजवायचा. १९२४मध्ये तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यात होता. डॉन रेडमन हा त्याचा संयोजक. या दोघांनी मिळून मोठ्या वाद्यवृंदाची जी मांडणी बसवली, ती पुढे सगळ्या जगाने उचलली. एका बाजूला पितळेची वाद्यं, दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन-क्लॅरिनेट. एका बाजूने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. मधल्या फटीत एकट्याने उभं राहून मनाला येईल ते वाजवायचं, आणि ठरलेल्या मात्रेला सगळ्यांनी एकदम परत यायचं. सम म्हणा हवं तर. पुढे हेंडरसन पैशांच्या अडचणीत आला आणि त्याने आपली संयोजनं गोऱ्या बेनी गुडमनला विकली. गुडमन १९३५मध्ये 'स्विंगचा राजा' झाला. राजाचे कपडे कुणी शिवले ते गर्दीला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

याच सुमारास अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये, पुढे सन रा झालेला, हर्मन ब्लाउंट नावाचा विशीतला पोरगा पियानो वाजवत होता. जन्म २२ मे १९१४. गावात जो वाद्यवृंद येईल तो ऐकायचा आणि घरी येऊन अख्खी रचना आठवणीने कागदावर उतरवायची, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून १९४२मध्ये त्याला तुरुंगात टाकलं. १९४६मध्ये तो शिकागोला आला आणि त्याला पियानोवादकाचं काम मिळालं ते क्लब डिलिसामध्ये वाजवणाऱ्या फ्लेचर हेंडरसनकडे. हेंडरसनचे सोन्याचे दिवस संपले होते. लोकांना नवा, वेगवान बीबॉप हवा होता. आणि या पोराने, ज्याने लहानपणी तबकड्या ऐकून ऐकून हेंडरसन पाठ केला होता, त्याच्याच संयोजनांत हळूच आपले स्वर घुसवायला सुरुवात केली. जुने वादक वैतागले. हेंडरसनने त्याला काढलं नाही.

इथे मला आमच्या गावच्या बँडातले एक म्हातारे क्लॅरिनेटवाले आठवतात. लग्नाच्या वरातीत वाजवायचे. तालमीला नव्या पोराने वेडीवाकडी फिरत घेतली की ते रागवायचे नाहीत, एवढंच विचारायचे, "परत येशील का?" परत आलास तर जा कुठेही. त्या तीन शब्दांत स्विंगचं जेवढं मर्म आहे तेवढं मला कुठल्या विश्वकोशात सापडलं नाही.

१९५२मध्ये ब्लाउंटने कायदेशीर नाव बदललं, त्याच वर्षी हेंडरसन वारला. दोन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या हा योगायोगच. पण माझ्या वहीत त्या एकाखाली एक आल्या आहेत आणि त्या तशा दिसतात याला मी काय करू?

'क्विअर नोशन्स' ही एक रचना घ्या. कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवाल्याने बांधली, हेंडरसनच्या वाद्यवृंदाने १९३३मध्ये मुद्रित केली. तीन मिनिटांची आहे. नाचाची तबकडी म्हणून निघाली, पण हॉकिन्सने त्यात सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असलेली स्वरपंक्ती वापरली आहे. आपल्या सप्तकात काही स्वर जवळ असतात, काही लांब, म्हणून 'सा' कुठे ते कळतं. पायऱ्या सारख्या केल्या की घर हरवतं. कोणताही स्वर 'सा' होऊ शकतो आणि कोणताच होत नाही. आता विचार करा, १९३३च्या मंदीत, हॉलमध्ये जोडपी नाचतायत, आणि वाद्यवृंद त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतोय. खाली ठेका मात्र जागचा हलत नाही, म्हणून कुणी पडत नाही.

म्हणजे प्रयोग बाहेरून आणून स्विंगवर चिकटवलेला नव्हता. तो त्याच्या पोटातच होता. गुडमनच्या गर्दीत तो झाकला गेला, इतकंच. सन रा शनीवरून जे घेऊन आला म्हणत होता, त्यातलं बरंच सामान रोझलँड बॉलरूममधून उचललेलं होतं.

१९८०च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ गावी आर्केस्ट्राने वाजवलेली मैफल 'सनराइझ इन डिफरंट डायमेन्शन्स' या नावाने निघाली. तिच्यात हेंडरसनच्या खजिन्यातल्या किती चिजा आहेत! 'बिग जॉन्स स्पेशल', 'किंग पोर्टर स्टॉम्प', 'या मॅन', आणि 'क्विअर नोशन्स'. शेजारी अंतराळातला गोंगाट. या दोन्हींच्या मधे कुठेही 'आता थोडं जुनं ऐकूया' असा भाव नाही. मला वाटतं तिथेच जत्रेतल्या आर्केस्ट्राशी त्यांची फारकत होते. आमचे निवेदक जुन्या गाण्याआधी हमखास आवाज जड करायचे. सन रा जुन्या चिजा जरा जास्तच वेगात घेतो. आठवणीत रमायला जागाच ठेवत नाही. काही ठिकाणी तर वादकांची अक्षरशः फरफट होते, आणि त्या फरफटीत जी मजा आहे ती शुद्ध वादनात नाही.

आता माझ्या वहीबद्दल.

सीडी मिळाल्यावर माझी खोड उफाळून आली. मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले: रचना, मुद्रणाचं वर्ष, प्रकाशनाचं वर्ष. वाटलं, महिन्याभरात काम उरकेल. भाचा दर खेपेला दोन-चार सीड्या आणायचा, पुढे इंटरनेट आलं. आणि वहीतली वर्षं एकमेकांत अडकत गेली. 'साउंड सन प्लेझर' १९५९मध्ये वाजवलं, १९७०मध्ये निघालं. 'हॉलिडे फॉर सोल डान्स' वाजवलं १९६०मध्ये, तेही १९७०मध्ये निघालं. 'बॅड अँड ब्यूटिफुल' १९६१चं, बाहेर आलं १९७२मध्ये. १९७०मध्ये ज्या श्रोत्याने नवी तबकडी म्हणून विकत घेतली, त्याने अकरा वर्षांपूर्वीचा आर्केस्ट्रा ऐकला. आणि त्याच आठवड्यात तो मैफलीला गेला असता तर तिथे सिंथेसायझरच्या किंकाळ्या आणि सहा-सहा जण ढोल बडवतायत असं दिसलं असतं. नवं काय आणि पुनर्प्रकाशित काय, हे त्यांच्या बाबतीत सुरुवातीपासूनच ठरवता येत नव्हतं.

याचं कारण त्यांचा कारखाना घरगुती होता. सन रा आणि त्याचा मित्र ऑल्टन ॲब्रहॅम यांनी १९५०च्या दशकात 'सॅटर्न' नावाची स्वतःची कंपनी काढली. काळ्या माणसांनी, कुठल्याही बड्या कंपनीच्या दारात न जाता, स्वतःच्या तबकड्या स्वतः काढायच्या. थोड्याशा प्रती. वेष्टनं कित्येकदा हाताने रंगवलेली, प्रत्येक वेगळी, काहींची लेबलं कोरी. मैफलीनंतर व्यासपीठाच्या कडेला ठेवून विकायच्या किंवा टपालाने पाठवायच्या. पैसे जमले की फडताळातलं एखादं जुनं मुद्रण काढायचं. वर्ष लिहायला कोण बसतंय?

१९७०च्या दशकात 'इम्पल्स' या बड्या कंपनीने त्यांतल्या काही तबकड्या पुन्हा काढल्या, थोड्याच वर्षांत त्या कोपरे कापून स्वस्तातल्या खोक्यांत जाऊन पडल्या. मग 'एव्हिडन्स'. नंतर स्ट्रट, आर्ट यार्ड, कॉस्मिक मिथ अशी कितीतरी नावं. यांनी फार मोठं काम केलं. ते नसतं तर मला पुण्यात बसून काय ऐकायला मिळणार होतं? मुद्रणं स्वच्छ केली, वादकांची नावं शोधली, तारखा लावल्या. माझ्याच जातीची माणसं. तरीही त्यांच्या जाडजूड पुस्तिका वाचताना मला अधूनमधून चुटपुट लागते. हयातभर मी शुद्धीपत्रकं केली, त्यामुळे शुद्ध प्रत काय काय पुसते ते मला माहीत आहे. २०२१मध्ये स्ट्रटने 'लँक्विडिटी' चार तबकड्यांच्या पेटीत काढलं. मूळ मुद्रण १९७८चं, न्यूयॉर्कमधलं, एका रात्रीचं. संथ, धुरकट, पावसाळी दुपारी ऐकावं असं. त्याचं जे दुसरं मिश्रण (मिक्स) तेव्हा एका मैफलीपुरतं हातोहात विकलं गेलं होतं, तेही या पेटीत आहे. छान आहे. पण जे कुणाला तरी एकदा, गर्दीत, घामेजल्या हातातून मिळालं, ते आता क्रमांक घालून पेटीत बसलंय. मला ते ऐकायचंही असतं आणि ऐकताना थोडं अवघडल्यासारखंही होतं, दुसऱ्याचं पत्र वाचल्यासारखं.

१९६१मध्ये ही मंडळी न्यूयॉर्कला गेली, १९६८मध्ये फिलाडेल्फियाला. तिथे जर्मनटाउन भागात मॉर्टन स्ट्रीटवर मार्शल ॲलन या सॅक्सोफोनवाल्याच्या वडिलांचं एक घर होतं. ओळीतलं, चिंचोळं. त्यात सगळे राहायचे, स्वयंपाक करायचे आणि कुठल्याही वेळी तालमीला बसायचे. दारू बंद, नशा बंद. सन राला मध्यरात्री काही सुचलं की लोकांना उठवायचं. जॉन गिलमोर हा टेनर सॅक्सोफोनवाला १९५३पासून १९९५मध्ये मरेपर्यंत आर्केस्ट्राबरोबर राहिला. जॉन कोल्ट्रेनसारखा माणूस ज्याचं वादन कान देऊन ऐकायचा तो गिलमोर. वेगळं दुकान थाटता आलं असतं. थाटलं नाही. याला गुरुकुल म्हणायचा मोह होतो, पण त्यात जरा गुळमटपणा येतो. सन रा हेकट होता, पैसा कधीच पुरेसा नव्हता, आणि दिवसरात्र एका माणसाच्या विश्वसिद्धान्तावरची व्याख्यानं ऐकत राहणं हा काही सगळ्यांना झेपणारा संसार नव्हे. अनेक जण आले आणि गेले.

१९९३मध्ये सन रा बर्मिंगहॅमला, जन्मगावीच वारला. दोन वर्षांनी गिलमोर. तेव्हा सूत्रं मार्शल ॲलनकडे आली. २५ मे १९२४चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या बँडमध्ये वाजवलं, युद्धानंतर पॅरिसमध्ये शिकला, १९५८पासून आर्केस्ट्रात. सत्तरी ओलांडल्यावर माणसाला वाद्यवृंद चालवायला मिळाला. त्याचं आल्टो सॅक्सोफोन पाहण्यासारखं असतं. एका हाताने वाद्य धरायचं आणि दुसऱ्याने चाव्यांवर अशी झाडू मारल्यासारखी बोटं फिरवायची की सुरांचे कपटे उडावेत. मॉर्टन स्ट्रीटचं घर २०२१मध्ये काही भागात खचलं. पुढच्याच वर्षी शहराने त्याला वारसावास्तूचा दर्जा दिला.

ॲलनच्या हाताखाली २०२०च्या ऑक्टोबरात 'स्वर्लिंग' निघालं. वीसहून अधिक वर्षांनी स्टुडिओत केलेलं मुद्रण, ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचलं. ते लॉकडाऊनचे दिवस होते. भाच्याने दुवा पाठवला, मी स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून लावला. बहुतेक रचना सन राच्याच. टारा मिडलटन गाते. सन राच्या काळातल्या गायिकेची, जून टायसनची जागा घ्यायची म्हणजे काय ते तिलाच ठाऊक, पण ती नक्कल करत नाही. शीर्षकरचना मात्र ॲलनची स्वतःची, आणि ती कसली असावी? सरळसोट स्विंग. अगदी हॉलमध्ये नाचायचा. आणि यादीत खाली पाहिलं तर 'क्विअर नोशन्स'.

मी गॅस बंद केला. सेक्शन उठले, सवाल आला, जवाब आला, मग ते घर हरवणारे स्वर. खाली ठेका. १९३३ची तबकडी मला पाठ होती, १९८०चीही. या खेपेला वेग माणसात आला होता, वाजवणारे दमलेले नव्हते पण घाईतही नव्हते. परत आले सगळे. समेवर.

२०२२चं 'लिव्हिंग स्काय' मला थोडं लोण्यासारखं वाटतं. गाणं नाही, व्हायोलिनं आहेत, शोपँचं एक प्रील्यूडही आहे. आजारपणात ऐकायला चांगलं. 'लाइट्स ऑन अ सॅटेलाइट' मुद्रित केलं जून २०२४मध्ये न्यूयॉर्कला, ॲलनच्या शंभराव्या वाढदिवसानंतर काही आठवड्यांनी. वाद्यवृंद भरघोस, मुद्रण इतकं लख्ख की प्रत्येक झांज वेगळी दिसते. मला जरा जास्तच लख्ख. सॅटर्नच्या तबकड्यांवर जो एक पडदा असायचा, खोलीचा, भिंतींचा, खोकल्याचा, तो इथे नाही. मग मधेच म्हाताऱ्याचा आल्टो कोपऱ्यातून फाडत येतो आणि ती सगळी इस्त्री चुरगळून टाकतो. त्यासाठी मी ते पुन्हा पुन्हा लावते.

आणि फेब्रुवारी २०२५मध्ये त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर पहिली तबकडी काढली. शंभराव्या वर्षी पहिली! 'न्यू डॉन'. भाचा फोनवर ओरडला, "मावशी, तू अजून तरुण आहेस." मी म्हटलं, "तू वर्षं तपासलीस का?" त्याने तपासली होती. आता तोही तपासतो.

'न्यू डॉन'मध्ये एक ओळखीचं नाव आहे, 'एंजल्स अँड डीमन्स अ‍ॅट प्ले'. रॉनी बॉयकिन्सच्या बासवर एकच वळण फिरत राहतं आणि त्यावर ॲलनची बासरी, असं ते मूळचं. वहीत त्याच्यासाठी मी कधीकाळी एक ओळ ठेवली होती. मुद्रण १९६०. प्रकाशन १९६५. त्यापुढे शाई बदललेली: इम्पल्स १९७४, एव्हिडन्स १९९३. मग 'स्वर्लिंग'मध्ये पुन्हा, २०२०. वर्षांचे रकाने तर दोनच आखले होते. २०२५ लिहायला समासातही जागा उरली नव्हती, म्हणून बाण काढला आणि पान उलटलं.